माया किती सोडावी?

शिवणाऱ्या बायकांच्या तोंडी रोज असणारा एक शब्द आपण बस्तीतल्या शास्त्रसभेतही ऐकतो. तो शब्द म्हणजे माया. शास्त्रात क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय सांगितलेत. तिथे माया म्हणजे कपट, आत एक आणि बाहेर एक. घरात आईची माया, आजीची माया म्हणतो, तेव्हा ती प्रेमाची. आणि शिवणयंत्रापुढे बसलं की माया म्हणजे टिपेच्या पलीकडे, आतल्या बाजूला राखून ठेवलेलं कापड. "बाजूला इंचभर माया सोड गं, पोर वाढतीय," असं म्हणत आपल्या आयांनी आपले फ्रॉक, परकर-पोलकी शिवली. ती माया बाहेरून कुणाला दिसत नसे. पण पुढच्या वर्षी टीप उसवली की तिच्या जोरावर तोच फ्रॉक आणखी एक वर्ष अंगाला येई.

एका शब्दाचे हे तीन अर्थ एकमेकांशी भांडत असतील असं आधी वाटतं. पण घरी साधे, कमी खर्चाचे कपडे शिवण्याबद्दल विचार करू लागलं की या तिन्ही अर्थांशी गाठ पडते. घरी शिवणं ही काटकसर आहे, हौस आहे, की धर्माशी त्याचं काही नातं आहे? आणि ते खरंच स्वस्त पडतं का? स्वस्त पडतं म्हणजे नेमकं कोणाला स्वस्त पडतं?

आधी हिशेबाचंच बोलू. छत्तीस छातीचा, गुडघ्याच्या जरा खाली येणारा साधा सुती कुर्ता घ्या. चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं अडीच मीटर कापड पुरतं. कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि शिवल्यावर आटलं तर केलेली मेहनत वाया जाते. मग कापडाची खांद्याच्या जागी आडवी घडी, तिच्यावर उभी घडी. छातीचा चौथा भाग नऊ इंच, त्यात अंगाला सैल बसायला दीड इंच आणि एक इंच माया, म्हणजे साडेअकरा इंचांवर खूण. मुंढा साडेसात-आठ इंच, खाली घेर आपल्या आवडीने. उरलेल्या तुकड्यात दोन लांड्या बाह्या बसतात. गळ्याला त्याच कापडाची उरेब पट्टी लावायची. ज्या बाईला यंत्र चालवता येतं तिचं हे एका दुपारचं काम आहे. नवशिकीला पूर्ण दिवस लागेल.

आता खर्च. कापड मीटरला शंभर-सव्वाशे धरलं तरी अडीच-तीनशे रुपये कापडाचेच झाले. दोरा, सुई, वीज वेगळी. आणि बाजारात गेलात तर जवळपास तेवढ्याच पैशात, कधी त्याहून कमी पैशात, तयार कुर्ता टांगलेला दिसतो. त्याला वर भरतकामाची नक्कलसुद्धा असते. म्हणजे आपल्या आयांच्या काळातला हिशेब आता उलटला आहे. तेव्हा घरी शिवणं स्वस्त होतं, म्हणून त्या शिवत. आज निव्वळ पैशांकडे पाहिलं तर घरी शिवण्याचं कारणच उरत नाही. जुनी साडी फाडून शिवलं तर गोष्ट वेगळी. साडेपाच मीटरच्या सुती साडीचा काठाकडचा भाग विरलेला नसेल तर त्यात एक कुर्ता आणि नातीचा एक फ्रॉक सहज निघतो, आणि तिथे खर्च फक्त दोऱ्याचा. पण नवं कापड आणून शिवायचं तर पैशाच्या तराजूत आपण हरतो.

मग प्रश्न असा पडतो की तीनशेचं कापड, त्यावर बेतणं, शिवणं, बटणं, इस्त्री, वाहतूक, दुकानाचं भाडं, दुकानदाराचा नफा एवढं सगळं असून तयार कुर्ता अडीचशेला मिळतोच कसा? कापड त्यांना ठोक भावात स्वस्त पडतं, एका वेळी शेकडो थर कापले जातात, हे खरं. पण तेवढ्याने उत्तर पूर्ण होत नाही. त्या कुर्त्याची बाजूची शिवण उलटून बघा. टिपेपासून पाव इंचावर इंटरलॉक मारून कापड कापून टाकलेलं असतं. माया नसतेच. अंग जरा भरलं की तो कपडा गेला, कारण उसवायला आत काही ठेवलेलंच नाही. आणि जिने तो शिवला तिच्या मजुरीतही हाच प्रकार आहे. कापडाचा पाव इंच जसा वाचवलेला असतो, तसाच तिच्या मिनिटाचा पाव भागही वाचवलेला असतो. स्वस्ताईसाठी दोन्हीकडची माया काढून घेतलेली असते.

समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोग आणि उपभोग यांत फरक केला आहे. एकदा वापरून संपतं ते भोग, जसं अन्न. पुन्हा पुन्हा वापरात येतं ते उपभोग, आणि त्याचं उदाहरण म्हणून तिथे वस्त्रच दिलं आहे. लहानपणी पाठशाळेत हे घोकताना त्यात विशेष काही वाटत नसे. भाकरी एकदाच खाता येते आणि लुगडं रोज नेसता येतं, यात सांगण्यासारखं काय आहे? आज मात्र हा भेद सांगायची वेळ आली आहे, कारण बाजाराने उपभोगाच्या वस्तूला भोगाची वस्तू करून टाकलं आहे. लग्नाला एकदा घातला, फोटो झाले, संपला. दुसऱ्यांदा घातला तर "हा तर त्या दिवशीचाच ना?" असं विचारणारं कुणीतरी भेटतंच. वस्त्र आपण आता भाकरीसारखं खातो, आणि भाकरीची निदान भूक तरी भागते.

आपल्या धर्मात हिंसा किंवा कुठलंही पाप तीन दारांनी येतं असं सांगतात: कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवून घेतलं, किंवा कुणी केलेल्याला मान डोलावली. मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघत चालणाऱ्या आपण बायका पहिलं दार नीट सांभाळतो. अडीचशेचा कुर्ता येतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दाराने.

24 एप्रिल 2013 रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा नावाची आठमजली इमारत कोसळली. तीत परदेशी बाजारांसाठी कपडे शिवणारे कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, पण शिवणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. अकराशेहून जास्त माणसं मेली, त्यांत बहुतेक तरुण मुली आणि बायका. ज्या दूरदेशींच्या बायकांनी ते कपडे विकत घेतले असते, त्यांच्यापैकी एकीनेही कुणाला मारा म्हटलं नव्हतं. त्यांनी फक्त स्वस्त मागितलं होतं. स्वस्त मागणं हे पाप आहे असं मी म्हणणार नाही, पण ते अगदी निरपराध आहे असंही मला म्हणता येत नाही. अनुमोदना हा शब्द आपल्या आचार्यांनी उगीच घातलेला नाही.

इथे आमच्या बेळगावची एक गोष्ट आठवते. 1924 च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, याचा आम्हा बेळगावकरांना अजून अभिमान आहे. त्या अधिवेशनात सभासदत्वाची वर्गणी सुताच्या रूपात द्यायची असं ठरलं, महिन्याला दोन हजार यार्ड सूत. पण त्या ठरावातच एक सवलत होती: आजारपण असेल, किंवा स्वतः कातायची इच्छा नसेल, तर तेवढंच सूत दुसऱ्याकडून कातवून दिलं तरी चालेल. म्हणजे कृत जमत नसेल तर कारित चालेल! पुढच्याच वर्षी ही अट सैल करून पैशाचा पर्याय पुन्हा आणला गेला. देशासाठी तुरुंगात जायला तयार असलेल्या माणसांनाही रोज अर्धा तास स्वतःच्या हाताने सूत कातणं जड गेलं. हाताने करणं किती कठीण असतं हे त्यावरून कळतं. आणि गांधीजी त्यासाठी एवढा हट्ट का धरत होते तेही कळतं. स्वतः कातणाऱ्याला धोतराची किंमत रुपयांत कळत नाही, ती त्याला आपल्या खांद्याच्या दुखण्यात कळते.

घरी शिवण्याचा पहिला फायदा मी हाच मानते. ज्या बाईने एकदा स्वतः काज केलं आहे, मुंढ्याला बाही जोडताना तीनदा उसवलं आहे, ती ब्लाऊज शिवणाऱ्या बाईशी वीस रुपयांसाठी हुज्जत घालत नाही. अस्तर लावलेल्या ब्लाऊजला किती टिपा बसतात हे तिला ठाऊक असतं. पैसे वाचवण्यासाठी शिवायला शिका असं पूर्वी सांगत. आता पैसे योग्य ठिकाणी द्यायला शिकण्यासाठी शिवा, असं सांगावंसं वाटतं.

दुसरा फायदा आपल्यासारख्या श्राविकांना विशेष जवळचा. तयार कपड्यात काय काय आलंय हे आपण बघतही नाही. स्वतः शिवताना प्रत्येक वस्तू हातातून जाते. बटण शिंपल्याचं आहे की साधं, दोरा सुती की रेशमी, अस्तर कशाचं, पट्ट्याला चामडं आहे का, हे सगळं आपणच ठरवतो. रेशमाचा धागा सलग मिळावा म्हणून किडा आत असतानाच कोश गरम पाण्यात टाकतात. हे माहीत असूनही आपण बस्तीला जाताना रेशमी साडी पवित्र म्हणून नेसतो. तो वाद जुना आहे, इथे वाढवत नाही. एवढंच म्हणते की कात्री हातात असली की निवडही हातात येते. निवड हातात असली की "मला माहीत नव्हतं" म्हणायला जागा उरत नाही.

हे सगळं बोलायला फार छान वाटतं. पण याला दोन आडवे प्रश्न आहेत आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही.

पहिला प्रश्न वेळेचा. आमच्याकडे भांड्याला येणारी बाई आठवड्याच्या बाजारातून दीडशे रुपयांची मॅक्सी घेऊन आली होती. मी तिला कापड आण, शिवायला शिकवते म्हटलं. ती हसून म्हणाली, "आक्का, तुमास्नी येळ हाय बगा. मला चार घरं हाईत." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, साधी गोष्ट होती. घरी शिवायला यंत्र लागतं, ते ठेवायला जागा लागते, दुपार लागते. ज्या बाईची दुपार आधीच विकली गेली आहे, तिला दीडशेची मॅक्सी हाच आधार आहे. तेव्हा स्वस्त तयार कपडा घेणाऱ्या गरीब बाईला अनुमोदनेचं पाप सांगायला जाणं हा मान-कषाय होईल. हा विचार आपल्यासारख्यांसाठी आहे, ज्यांच्या कपाटात कपडे मावत नाहीत आणि तरीही ज्या स्वस्त म्हणून आणखी घेतात. गरजेसाठी स्वस्त घेणं वेगळं आणि स्वस्त आहे म्हणून गरज तयार करणं वेगळं.

वेळेच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आपल्या घरातली. "घरीच शिवलं, फुकटात झालं," असं घरातले लोक कौतुकाने म्हणतात. फुकट कसं झालं? एक दुपार गेली, पाठ धरली, डोळे शिणले. घरातल्या बाईच्या श्रमाला शून्य किंमत लावली की मगच ते फुकट होतं. कारखान्यातल्या मुलीचं मिनिट कापून स्वस्त केलेलं आपल्याला खटकत असेल, तर आपलं स्वतःचं मिनिट शून्य धरलेलंही खटकलं पाहिजे. म्हणून सुनेने, मुलीने घरी शिवलंच पाहिजे असा नियम कुणी करू नये. हाताने करण्याचं पुण्य सक्तीने दुसरीवर लादलं की ते कृत राहत नाही, कारितच होतं. एका पिढीने हौसेने केलेलं दुसरीच्या गळ्यात कर्तव्य म्हणून बांधायची आपल्याकडे फार सवय आहे.

दुसरा प्रश्न गल्लीतल्या शिवणारीचा. सगळ्यांनी घरी शिवायचं ठरवलं तर तिने खायचं काय? हा प्रश्न आमच्या महिला मंडळात एकदा खराच उभा राहिला. दशलक्षण पर्वात प्रभावनेसाठी दोनशे कापडी पिशव्या वाटायच्या होत्या. एकीने ठोक बाजारातला दर आणला, तो अगदीच कमी होता. दुसरी म्हणाली, आपणच शिवू, मंडळाचे पैसे वाचतील, तेवढंच पुण्य. तेव्हा तिसरी, एरवी सभेत गप्प बसणारी एक वहिनी, उठून म्हणाली, "आपल्या गल्लीत तिघी बायका शिवून घर चालवतात. त्यांना पोटापुरता दर देऊन काम द्यायला कुणाला सुचलं नाही होय? आपण शिवलं तर आपल्याला पुण्य, त्यांना काय?"

सभेत बरीच गडबड झाली. मंडळाचा पैसा म्हणजे लोकांचा दानाचा पैसा, तो जपून वापरायला नको का, असं खजिनदार काकू म्हणाल्या, आणि त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी दीडशे पिशव्या त्या तिघींना दिल्या, त्यांनी सांगितलेल्या दराने, घासाघीस न करता. पन्नास आम्ही घरातली जुनी कापडं वापरून हाताने शिवल्या, कारण मंडळातल्या मुलींना शिकायचं होतं. खर्च ठोक दरापेक्षा जास्त आला, म्हणून त्या वर्षी प्रभावनेतला स्टीलचा डबा रद्द केला. डबा नसल्याबद्दल दोघी-तिघी कुरकुरल्या. ठरलं ते सगळ्यांना आवडलं असं नाही, पण ठरवताना पहिल्यांदाच "किती स्वस्त" याच्याबरोबर "कोणाच्या जिवावर स्वस्त" हेही बोललं गेलं.

तेव्हा माझं म्हणणं असं की, घरी शिवावं ते आपल्या मापापुरतं. साधा कुर्ता, रोजचा गाऊन, नातवंडांची झबली, पिशव्या, अभ्रे. बारीक कामाचं, बेताचं शिवण ज्यांचा तो व्यवसाय आहे त्यांच्याकडे जावं आणि तिथे दर पाडू नये. कमी करायचंच असेल तर कपड्यांची संख्या करावी, शिवणारीची मजुरी करू नये.

संख्येचा विषय निघाला म्हणून घरी शिवणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. शिवणारी बाई आपोआप अपरिग्रही होत नाही. "सेलमध्ये चांगलं कापड होतं, घेऊन ठेवलं" असं म्हणत ट्रंकेत कापडांचे तुकडे साठवणाऱ्या बायका सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. मॅचिंगची लेस, उरलेली बटणं, कधीतरी शिवू म्हणून ठेवलेली सहा ब्लाऊजपीसं. तत्त्वार्थसूत्रात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार सांगताना घर, जमीन, सोनं यांच्याबरोबर कुप्य असा एक शब्द येतो, आणि टीकाकारांनी त्यात सुती-रेशमी कापड घेतलं आहे. म्हणजे कापडाचा साठा हा सोन्याच्या साठ्याच्या ओळीत बसवलेला आहे. उमास्वामींनी परिग्रहाची ओळख मूर्च्छा या शब्दाने करून दिली: वस्तू किती आहेत यापेक्षा जीव तिच्यात किती अडकला आहे हे महत्त्वाचं. अडीचशेचा कुर्ता असो की हाताने शिवलेला, "माझ्याकडे असा एक असायलाच हवा" ही ओढ दोन्हीकडे सारखीच असू शकते.

आपल्या परंपरेत वस्त्राचा विचार फार बारकाईने झाला आहे. दिगंबर मुनी वस्त्राचा पूर्ण त्याग करतात. ऐलक फक्त लंगोटी ठेवतात. क्षुल्लकांना लंगोटी आणि एक खंडवस्त्र, डोकं झाकलं तर पाय उघडे राहतील आणि पाय झाकले तर डोकं, एवढंच. आर्यिका एक पांढरी साडी नेसतात. या सगळ्या पायऱ्यांवर बेतून, माप घेऊन शिवलेलं वस्त्र कुठेच नाही. माप घेणं हे गृहस्थाचं काम आहे. आपण मुनी नाही, शून्यावर येऊ शकत नाही. पण आपल्याला अमर्यादही व्हायचं नाही. अणुव्रत म्हणजे तरी काय? आपल्या संसाराचं माप घेऊन, त्यात थोडी सैलाई धरून, त्यापुढे खडूची रेघ मारणं. रेघेच्या आत राहायचं. भोगोपभोग-परिमाणात वस्त्रांचीही मर्यादा घ्यायला सांगितली आहे, आणि ती जन्मभराचीच हवी असं नाही. एका दिवसाची, एका महिन्याची, चातुर्मासाची घेता येते. त्याला नियम म्हणतात. जन्मभराच्या मर्यादेला यम.

उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं, याला तर आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचं उत्तर आहे. आपल्या घरातलं सगळ्यात जुनं हातशिवण म्हणजे पाणी गाळायचं कापड. छत्तीस अंगुळं लांब, चोवीस अंगुळं रुंद, घट्ट विणीचं, दुहेरी करून वापरायचं, हे माप शास्त्रात सांगितलेलं. कडा दुमडून धावदोरा घातला की झालं. मग शास्त्राची वेष्टनं. श्रुतपंचमीला पोथ्या बाहेर काढून, पुसून, नव्या वेष्टनात बांधायच्या. ती वेष्टनं घरच्या सुती कापडाची. बस्तीला न्यायच्या तांदळासाठी नाडीची छोटी पिशवी. स्वयंपाकघरातली हातपुसणी, कढईची कापडी पकड, चटईवर घालायची गोधडी. यांतली एकही वस्तू बाजारातून आणायची गरज नाही, आणि हे सगळं कुर्ता बेतून उरलेल्या कापडात होतं.

पाणी गाळणाऱ्या घरातल्या बायकांनी आणखी एका आकड्याकडे बघावं. एका सुती टी-शर्टचा कापूस पिकवण्यापासून तो तयार होईपर्यंत सुमारे 2700 लिटर पाणी लागतं असा अंदाज जगभर दिला जातो. आपण हंडाभर पाणी दुहेरी कापडातून गाळतो, कापडावर राहिलेले जीव मरू नयेत म्हणून जिवाणी पुन्हा विहिरीत सोडायची रीत पाळत आलो. आणि दोनदा घालून टाकलेल्या कपड्यामागे किती हंडे न गाळलेलं पाणी गेलं, याचा विचार आपल्या मनात येत नाही. त्यातही हिंसा आहेच, फक्त ती आपल्या मोरीपासून लांब होते. कपडा दहा वर्षं टिकला तर तेवढंच पाणी दहा वर्षांत वाटलं जातं. म्हणून कपड्याचं आयुष्य वाढवणं हेसुद्धा पाणी गाळण्यासारखंच आहे असं मला वाटतं. आणि कपड्याचं आयुष्य कशाने वाढतं? आत सोडलेल्या मायेने, वेळेवर घातलेल्या टाक्याने, आणि तोच कपडा पुन्हा घालायची लाज न वाटण्याने.

आता माया किती सोडावी, या प्रश्नाकडे येऊ. शिवणातलं उत्तर सोपं आहे: बाजूला एक इंच, खाली दीड-दोन इंच, मोठ्यांना तेवढं पुरतं, वाढत्या मुलांना थोडी जास्त. कापडाचा हव्यास म्हणून चार इंच सोडली तर आत गोळा होतो आणि कपडा अंगावर नीट बसत नाही. अजिबात सोडली नाही तर पहिल्याच ताणाला टीप उसवते. संसारातलंही प्रमाण साधारण असंच असावं. गरजेपुरतं माप, त्यावर थोडी सैलाई, आणि कुणाला तरी उद्या लागेल म्हणून आत राखलेलं थोडं. ते राखलेलं शिवणारीच्या मजुरीत असो, नातीच्या वाढीसाठी असो, किंवा घरच्या बाईच्या एका मोकळ्या दुपारीसाठी असो. लपवलेली ती माया कपटाची, राखलेली ती प्रेमाची. दोन्ही कपड्याच्या आतच असतात. शिवण उलटून बघितलं की कोणती आहे ते कळतं.

येत्या चातुर्मासात ज्यांना जमेल त्यांनी एवढा नियम घेऊन बघावा. चार महिने नवा तयार कपडा घ्यायचा नाही. घरातल्या जुन्या साडीतून एक तरी कपडा स्वतः शिवायचा, नाहीतर शेजारच्या शिवणारीला तिच्या दराने शिवायला द्यायचा. आणि पर्वाच्या दिवसांत गेल्या वर्षीची साडी नेसून बस्तीत जायचं. कुणी विचारलंच, "ही तर मागच्या वर्षीची ना?" तर होय म्हणायचं.